दोन दिवस, पाच मित्र: एक दिवस कातळ, एक दिवस पायवाट. कोल्हापूरहून कसे आखावे?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पाच मित्र कोल्हापूरचे, एकाच वर्गात शिकलेले आणि आता चाळिशी ओलांडलेले आहोत. गेली सहा वर्षे दर जुलैत आम्ही पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दोन दिवसांत चालतो, त्यामुळे पाऊस, चिखल, धुके आणि जळवा यांची सवय आहे. यंदा डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी एक दिवस प्रस्तरारोहण आणि एक दिवस भटकंती करावी, असे सर्वांच्या मनात आले आहे.

आमच्यापैकी दोघांनी काही वर्षांपूर्वी एका शिबिरात रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, केले होते. कड्यावर चढण्याचा अनुभव कोणालाच नाही. एका मित्राने पन्नास मीटर दोर, दोन हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) आणि चार कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) विकत घेतले आहेत. शनिवारी सकाळी पन्हाळ्याच्या डोंगराखालचा चाळीसेक फुटांचा एखादा कडा निवडायचा, माथ्यावरच्या झाडाला दोर बांधायचा, खालून एकाने दोर धरायचा आणि एकेकाने चढायचे, असा साधा बेत आहे. रात्री पन्हाळ्यावर मुक्काम करून रविवारी राजदिंडी या गडाच्या वाटेने उतरायचे आणि म्हाळुंगेमार्गे मसाई पठार ओलांडून कुंभारवाडी, खोतवाडीपर्यंत जायचे. तिथून गाडीने परत.

हा बेत योग्य आहे का, आधी चढाई आणि मग चाल हा क्रम बरोबर आहे का, आणि आणखी काय सामान लागेल, हे जाणकारांनी सांगावे. आमची मैत्री पंचवीस वर्षांची आहे, तेव्हा एकमेकांवर विश्वास ठेवण्याचा प्रश्न नाही. माहिती तेवढी हवी आहे.

कातळकडा

नमस्कार. आपण विचारून मग निघण्याचे ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. आपला रविवार उत्तम आहे. शनिवारचा बेत मात्र आहे तसा करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगतो.

पहिले कारण जागेचे. पन्हाळा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झालेला आहे. तटबंदीच्या किंवा बुरुजाच्या आसपासच्या कातळात खिळा ठोकणे तर सोडाच, परवानगीवाचून दोर लावून चढणेही योग्य नाही. शिवाय पन्हाळगडाचा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेला असल्यामुळे भोवतालच्या रानात काही करायचे तर वन खात्याकडे चौकशी करावी लागते. गड आपला आहे, लहानपणापासून आपण तिथे जात आलो आहोत, म्हणून कोणी अडवणार नाही असे वाटते. पण गडावर प्रेम असणाऱ्यांनी तरी हा नियम आधी पाळावा.

दुसरे कारण खडकाचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला बेसाल्टचा डोंगर आहे. त्यातले काही थर घट्ट, काळे आणि उभ्या भेगांचे असतात. त्यांच्यामध्ये मऊ, सच्छिद्र, हाताने पोखरता येईल असे थर येतात आणि त्या थरांवर गवताळ टप्पे तयार होतात. म्हणूनच आपल्याकडचा कडा दुरून अखंड दिसला तरी जवळ गेल्यावर पायरीपायरीचा आणि सुट्या दगडांचा निघतो. पन्हाळा-मसाईच्या बाजूला तर माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. जांभा दिसायला खडबडीत, हाताला पकड देणारा. परंतु तो आतून पोकळ नळ्यांचा असतो, भार आला की त्याचा तुकडा हातात येतो आणि त्यात मारलेला खिळा किंवा बोल्ट भरवशाचा राहत नाही. जांभ्याच्या पठारावर मातीचा थर पातळ असल्यामुळे कडेच्या झाडांची मुळेही बहुधा पसरट असतात. आपण ज्या झाडाला दोर बांधणार आहात, ते झाड पाच जणांचे वजन दिवसभर पेलेल की नाही, हे पाहून ओळखण्याचा अनुभव आपल्यापैकी कोणाकडे आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

तिसरे दोराचे. कृपया दोरावरची चिठ्ठी वाचून कळवावे, तो कोणत्या प्रकारचा आहे. त्यावर पुढचे सांगतो.

मग करावे काय? माझा सल्ला असा की, शनिवार रद्द करू नका, तो प्रशिक्षकाच्या हाती द्या. उत्तरकाशी, दार्जिलिंग इथल्यासारख्या गिर्यारोहण संस्थांतून बेसिक आणि ॲडव्हान्स हे अभ्यासक्रम केलेले आणि शक्यतो त्यापुढचा शिकवण्याचा अभ्यासक्रमही पूर्ण केलेले गिर्यारोहक आता बहुतेक शहरांत आहेत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागण्यात संकोच बाळगू नये. चांगला प्रशिक्षक ते स्वतःहून दाखवतो. साहसी पर्यटनाबाबत राज्य शासनाचे धोरण २०२१ पासून आहे आणि त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, तेही विचारावे. पंचवीस-तीस फुटांचा, घट्ट बेसाल्टचा, ज्याच्या माथ्यावर बाजूने चालत जाता येते असा कातळ पहिल्या दिवसाला पुरेसा होतो.

पुढे गोडी लागली तर एकदा बदामीला जावे. बेळगावमार्गे रात्री निघाले की सकाळी तिथे पोहोचता येते. तिथला तांबूस वाळूचा खडक चढाईसाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि कितीतरी मार्गांवर आधीच बोल्ट मारलेले आहेत. मात्र पाऊस पडून गेल्यावर वाळूचा खडक पूर्ण सुकेपर्यंत त्यावर चढू नये, कारण ओला असताना त्याच्या पकडी तुटतात.

मसाईवाट

आमचा दहा-बारा जणींचा गट गेली आठ वर्षे महिन्यातून एकदा डोंगरात जातो. चढाईविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही, परंतु क्रमाविषयी आणि मसाईविषयी सांगते.

क्रम उलटा करावा, असे मला वाटते. शनिवारी चालावे आणि रविवारी कातळ करावा. दिवसभर एकत्र चालले की कोणाचा गुडघा दुखतो, कोण पाणी कमी पितो, कोण थकल्यावर चिडतो आणि कोण न सांगता मागच्याची वाट पाहतो, हे कळते. दुसऱ्या दिवशी कोणाच्या हाती दोर द्यायचा, ते ठरवताना ही माहिती उपयोगी पडते. आपण सहा वर्षे बरोबर चालला आहात, म्हणजे ती बरीचशी आपल्याला असेलच. परंतु पावसाळ्यातली आणि हिवाळ्यातली चाल निराळी असते.

जुलैत मसाई म्हणजे धुके, पाण्याने भरलेले खळगे आणि पायाखाली मऊ गवत. डिसेंबरात तेच पठार उघडे पडते. गवत वाळून पिवळे झालेले असते, सावलीला झाड नाही, आणि जांभा दहा वाजल्यापासून तापू लागतो. पावसाळ्यात ज्या ओहोळांतून आपण बाटल्या भरल्या असतील, ते तोवर आटलेले असतील असे धरूनच निघावे. आम्ही माणशी तीन लिटर पाणी पन्हाळ्यावरूनच भरून घेतो. जुन्या, झिजलेल्या तळव्यांचे बूट घालू नयेत. जांभ्याच्या धारेने तळवा सुटलेली एक मैत्रीण आम्ही सुतळीने बूट बांधून खाली आणली आहे. सूर्योदयाच्या वेळी राजदिंडी सोडली तर ऊन चढण्याआधी पठारावर मसाईदेवीच्या देवळापाशी पोहोचता येते, आणि त्या वेळी दऱ्यांमध्ये साठलेले दाट पांढरे धुके खाली दिसते, ते पाहण्यासाठी तरी लवकर उठावे.

आणखी एक विनंती. वाळलेल्या गवतावर ठिणगी पडली तर सारे पठार पेटते. चहासाठीसुद्धा वर चूल मांडू नये. दशमी, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि संत्री एवढ्यावर आमचा दिवस छान जातो. वाटेत गवे दिसले, विशेषतः एकटा नर दिसला, तर फोटोच्या मोहात जवळ जाऊ नये. थांबावे, त्याला वाट द्यावी.

रंकाळाकाठ

दोघांचेही आभार. पन्हाळ्याच्या कड्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. प्रशिक्षकांचा शोध सुरू केला आहे.

दोराची चिठ्ठी पाहिली. त्यावर ईएन १८९१ असे लिहिले आहे, जाडी साडेदहा मिलिमीटर. विक्रेत्याने तो गिर्यारोहणाचाच दोर म्हणून दिला होता. तो चालेल ना?

कातळकडा

ईएन म्हणजे युरोपीय मानक. ईएन १८९१ म्हणजे कमी ताणला जाणारा दोर, ज्याला आपण स्टॅटिक म्हणतो. चढाईचा ताणला जाणारा दोर, म्हणजे डायनॅमिक, हा ईएन ८९२ या क्रमांकाचा असतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हींना आत गाभा आणि वर विणलेले वेष्टण असते, दोन्ही गिर्यारोहणाचेच आहेत. काम मात्र वेगळे आहे. विक्रेत्याने फसवले असे म्हणता येणार नाही, त्याने आपल्याला पुरते विचारले नाही एवढेच.

फरक पडण्याच्या क्षणी कळतो. डायनॅमिक दोर पडणाऱ्याचा झटका स्वतः ताणला जाऊन शोषून घेतो. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे तोच झटका चढणाऱ्याच्या कमरेला, माथ्यावर दोर ज्याला बांधला आहे त्या अँकरला आणि दोर धरणाऱ्याला बसतो. समजा, एखादा पुढे चढणारा आपल्या शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर गेला आणि निसटला. तर तो बोल्टपर्यंत दोन आणि बोल्टखाली दोन असा चार मीटर पडतो, त्यात दोराची ढील आणखी मिळते. अशी पडझड स्टॅटिक दोरावर होऊ देणे अत्यंत धोक्याचे आहे. आपण नवशिके असल्यामुळे पुढे चढून दोर नेण्याचा प्रश्नच येऊ नये. दोर आधीच माथ्यावरून लावलेला असावा. अशा वेळी ढील अजिबात राहू न देता काही प्रशिक्षक स्टॅटिक वापरतात, पण तो निर्णय त्यांचा. आपला दोर उतरण्यासाठी उपयोगी आहे. तो उन्हात, ॲसिडजवळ किंवा गाडीच्या डिकीत तेलकट सामानाबरोबर ठेवू नये, आणि त्यावर कोणाला पाय ठेवू देऊ नये; पायाखाली दाबलेला खडीचा बारीक कण वेष्टणातून आत जातो आणि गाभा आतून कापत राहतो.

कड्याची धार जिथे दोराला लागते तिथे जाड गोणपाट घालावे. उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारलेली असावी. हेल्मेट चढाईचेच हवे, आणि ते दोर धरणाऱ्यानेही घातलेले हवे, कारण वरून सुटलेला दगड त्याच्याच दिशेने येतो. दगड सुटला की जो प्रथम पाहील त्याने मोठ्याने "दगड!" असे ओरडावे, खालच्यांनी वर पाहू नये, कड्याला चिकटावे.

क्रमाबाबत मसाईवाट ताईंशी माझा मतभेद आहे. दिवसभर पठार तुडवून थकलेल्या माणसाचे लक्ष दुसऱ्या दिवशी दुपारी दोरावर टिकत नाही. पाय दुखत असले तरी चालता येते, पण लक्ष उडालेले असताना दोर धरता येत नाही. कातळ पहिल्या दिवशी सकाळी व्हावा आणि दुपारी ऊन कड्यावर आले की थांबावे.

दोर_आणि_गाठ

सहसा मी इथे फक्त वाचतो. मूळ प्रश्नातल्या एका वाक्यामुळे लिहावेसे वाटले: "एकमेकांवर विश्वास ठेवण्याचा प्रश्न नाही." अकरा वर्षांपूर्वी आम्हीही असेच म्हणत होतो.

आम्ही चौघे होतो. कडा बारा-तेरा मीटरांचा, दोर माथ्यावरून लावलेला, सामान चांगले, आणि आमच्यातल्या दोघांनी रीतसर प्रशिक्षण घेतलेले. माझा जिवलग मित्र चढत होता आणि खालून दोर मी धरला होता. त्याचे वजन पंच्याऐंशी किलो, माझे अठ्ठावन्न. मी जमिनीशी बांधलेला नव्हतो आणि कड्यापासून तीन-चार पावले मागे, जिथे सावली होती तिथे उभा होतो. तो पाचएक मीटर वर गेला असेल. मागून कोणीतरी मला काहीतरी विचारले आणि उत्तर देण्यासाठी मी मान वळवली. तेवढ्या वेळात तो दोन पकडी वर सरकला, आणि मी दोर ओढून घेतला नव्हता.

त्याचा पाय निसटला तेव्हा आधी ती ढील संपली, मग मी उचलला जाऊन पुढे फेकला गेलो, आणि ती तीन-चार पावलेही त्याच्या पडण्यात मिळाली. दोर माझ्या उजव्या तळव्यातून सरकला. हातमोजे घातलेले नव्हते. मी दोर सोडला नाही, त्यामुळे तो जमिनीवर आदळला नाही, परंतु जमिनीपासून हातभर उंचीवरच्या खडकाच्या टप्प्यावर त्याचा डावा घोटा सापडला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आम्ही झोपायची फोमची चटई त्याच्या पायाभोवती गुंडाळून बांधली, दोन बांबूंना शर्ट ओवून डोली केली आणि रस्त्यापर्यंत आणायला तीन तास लागले. घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसले. नीट चालायला आठ महिने गेले.

त्याने मला कधीही बोल लावला नाही. पण पुष्कळ दिवसांनी तो म्हणाला ते सांगतो. चढण्यापूर्वी त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. मी जमिनीशी बांधलेला आहे का, दोर ताणलेला आहे का, माझे लक्ष आहे का, यातले काहीच त्याने विचारले नाही, कारण खाली मी होतो. खाली कोणी अनोळखी माणूस असता तर त्याने तीनदा विचारले असते.

म्हणून माझी आपणा पाचही जणांना कळकळीची विनंती आहे की, त्या एका दिवसापुरते एकमेकांना अनोळखी समजावे. दर वेळी एकमेकांची गाठ हात लावून तपासावी. आठाच्या गाठीत दोराच्या पाच जोड्या शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत; त्या मोठ्याने मोजाव्यात. हार्नेसचा पट्टा बकलातून परत फिरवला आहे का, कॅरॅबिनरचे कुलूप फिरवून बंद केले आहे का, हे बोट लावून पाहावे. दोर धरणारा हलका असेल तर त्याला मागे जमिनीशी अँकर करावे आणि त्याने कड्याच्या पायथ्याशी, चढणाऱ्याच्या जवळजवळ खालीच पण दगडाच्या वाटेतून बाजूला उभे राहावे. ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात दोरावरून एक क्षणही सुटता कामा नये. डास चावला तरी नाही. दोर धरलेल्या माणसाशी इतरांनी बोलू नये, हा नियम सर्वांत कडकपणे पाळावा, कारण तो मोडण्याचा मोह मित्रांमध्येच सर्वांत जास्त होतो.

बावड्याचा_पाऊस

मी गगनबावड्याकडचा. वरच्या सर्वांनी महत्त्वाचे सांगितले आहे, पण एक गोष्ट राहिली. कड्यावर जाण्याआधी आग्यामोहोळ पाहून घ्यावे.

आमच्याकडच्या कड्यांना, विशेषतः पुढे झुकलेल्या कातळाखाली, आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. दुरून तो कड्यावरचा काळसर डाग वाटतो. जवळून पाहिले तर त्या डागावरून लाट सरकल्यासारखी हालचाल दिसते. ती दिसली की तिथून गुपचूप परतावे, दगड मारू नये, ओरडू नये, जवळ विडी-सिगारेट ओढू नये. अत्तर किंवा सुवासिक फवारे त्या दिवशी अंगाला लावू नयेत. माश्या उठल्या तर हात झटकू नयेत. तोंड-मान कपड्याने झाकून, शक्य तितक्या लांब पळावे. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही, म्हणून ही पाहणी दोर लावण्याआधी व्हायला हवी. कड्याखालच्या वाडीत विचारले तर पोळे कुठे आहे, ते गुराखी बोटाने दाखवतात. आमच्या गावात बाहेरची मुले येतात, गाडी लावतात आणि कोणाशी न बोलता वर जातात, याचे वाईट वाटते. दोन शब्द बोलले तर पाण्याची जागा कळते, चुकल्यास शोधायला माणसेही मिळतात, आणि दुपारी भाकरी-पिठल्याची सोयही एखाद्या घरी होते. तिचे पैसे मात्र न मागता द्यावेत.

फुरसे, घोणस हे साप दगडांच्या फटीत असतात; चढताना जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात घालू नये. जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे, आणि १०८ला फोन लागेल अशी रेंज वाटेवर कुठे मिळते, हेही गावातच विचारावे.

रंकाळाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आपण सर्वांनी इतके लिहिले, तेव्हा काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

प्रशिक्षक मिळाले. त्यांनी आधी आम्हा पाचही जणांना एका संध्याकाळी बोलावून फक्त गाठी शिकवल्या. शनिवारी मालकाची परवानगी घेतलेल्या एका शेताच्या कडेचा तीसएक फुटांचा कातळ त्यांनी निवडला होता. कातळदादांचा क्रम आम्ही पाळला, आधी कातळ. सकाळी सात वाजता पोहोचल्यावर त्यांनी प्रथम आम्हाला कड्याभोवती फिरवून पोळी आहेत का ते पाहायला लावले, आणि मला बावड्याच्या दादांची आठवण झाली.

पहिले दोन तास कोणीही चढले नाही. प्रशिक्षकांनी वाळूने भरलेले एक पोते दोराला बांधून वर ओढले आणि आम्हाला एकेकाला खाली दोर धरायला लावला. मग ते न सांगता पोते सोडत. पहिल्यांदा माझ्या हातातून दोर अर्धा मीटर सरकला आणि पोते गवतावर टेकले. ते काही बोलले नाहीत. फक्त पोते पुन्हा वर ओढले. पाचव्या वेळेला ते माझ्या छातीच्या उंचीवर अडले. त्या पोत्याच्या जागी कोण असणार आहे, हे त्या दोन तासांत जेवढे समजले तेवढे आपले लिखाण वाचूनही समजले नव्हते.

आमच्यातला एक मित्र फार कमी बोलतो आणि चढायला त्याने सुरुवातीलाच नकार दिला होता. त्याने दिवसभर दोर धरला. प्रत्येक वेळी आपण म्हटल्याप्रमाणे तो जवळ येऊन गाठीच्या पाच जोड्या बोटाने मोजायचा, "एक, दोन, तीन" असे शाळेतल्यासारखे मोठ्याने, आणि मगच मान हलवायचा. मी वीसेक फुटांवर असताना पकडीचा दगड डळमळला, पोटात गोळा आला आणि मी खाली पाहिले. तो माझ्याकडे पाहत होता, दोर ताठ होता. मी दोराला टेकून बसलो, श्वास घेतला आणि दुसरी पकड शोधली. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत त्याचा चेहरा इतक्या लक्षपूर्वक मी कधी पाहिला नसेल. दुपारी एक वाजता ऊन कड्यावर आले आणि आम्ही थांबलो. तोवर चौघांनी प्रत्येकी दोनदा माथा गाठला होता.

रविवारी राजदिंडी सूर्योदयालाच सोडली. बोटे दुखत होती, बाटलीचे झाकण उघडायला दोघे लागत होते, पण पाय ताजे होते. मसाईवरचे धुके ताईंनी सांगितले तसेच होते. जुलैत ज्या वाटेने आम्ही चिखलात पाय रोवत जातो, तीच वाट कोरडी पाहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आले की, १६६०च्या त्या आषाढातल्या रात्री पालखी खांद्यावर घेऊन मावळे जे पठार धावत ओलांडून गेले, ते किती उघडे आहे. लपायला झुडूपही नाही, आडोसा होता तो अंधाराचा आणि पावसाचा. तीन लिटर पाणी खोतवाडीपर्यंत जेमतेम पुरले. खोतवाडीत एका घरी ताक मिळाले.

स्टॅटिक दोर प्रशिक्षकांना दाखवला. त्यांनी तो सबंध लांबी बोटांतून फिरवून तपासला, दुपारी आम्हाला उतरायला शिकवताना वापरला आणि टोकाला गाठ मारूनच परत दिला.

आता फेब्रुवारीत रांगणा किल्ल्यावर जायचे ठरते आहे, पाटगावमार्गे चिक्केवाडीत रात्र काढून. त्या दिवसांत चिक्केवाडीच्या विहिरीला पिण्याजोगे पाणी असते का, की तेही खालूनच न्यावे लागते, हे कोणी सांगू शकेल का?